जपानी गाणी ऐकायचीत पण सुरुवात कुठून करू? नवीन लोकांसाठी, पायरी पायरीने

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं आता एकदाच सगळं नीट लिहून काढू. बहुतेकांची गोष्ट सारखीच असते, अ‍ॅनिमे बघितला, त्यातलं सुरुवातीचं गाणं डोक्यात बसलं, मग यूट्यूबवर अजून दोन-चार ऐकली आणि तिथे गाडी अडली, कारण नावं वाचता येत नाहीत, कोण जुनं कोण नवं कळत नाही, आणि कुणीतरी पाठवलेली शंभर गाण्यांची प्लेलिस्ट पाचव्या गाण्यानंतर सगळी एकसारखीच वाटायला लागते.

म्हणून मी कुणाला प्लेलिस्ट देत नाही, मी सांगते की माणूस धरा. आकाशवाणीवर भावगीत लागायच्या आधी निवेदिका सांगायची ना, गीतकार अमुक, संगीतकार तमुक, स्वर अमुकचा, त्यामुळे आपल्या आईवडिलांच्या पिढीला नुसती चाल ऐकून संगीतकार ओळखता येतो. जपानमध्ये ही सवय अजून जिवंत आहे, तिथे टीव्हीवर गाणं सुरू झालं की पडद्यावर गाण्याच्या नावाखाली गीतकार आणि संगीतकाराचं नाव येतं. तीन शब्द पाठ करून टाका: साकुशी म्हणजे शब्द कोणाचे, साक्क्योकु म्हणजे चाल कोणाची, आणि हेनक्योकु म्हणजे संगीत संयोजन कोणाचं. एवढ्या तीन शब्दांवर अख्खं जपानी संगीत उघडतं असं माझं ठाम मत आहे, कारण तिथला गोतावळा छोटा आहे आणि तीच माणसं फिरून फिरून भेटतात.

पायरी १: आवडलेलं एकच गाणं घ्या आणि त्याच्या मागे जा

समजा तुम्ही "बोची द रॉक" बघितला, २०२२ चा, चार मुलींच्या बँडचा. त्यातल्या मुलींची आडनावं आहेत गोतो, यामादा, इजिची आणि किता. ही चारही आडनावं "एशियन कुंग-फू जनरेशन" या खऱ्या बँडमधल्या चौघांची आहेत, आणि एपिसोडची नावंसुद्धा त्यांच्या गाण्यांवरून ठेवलेली आहेत, शेवटच्या एपिसोडमध्ये तर त्यांचंच एक गाणं नायिकेच्या आवाजात येतं. म्हणजे मालिका बघता बघता तुम्ही न कळत एका बँडच्या दारात येऊन उभे राहिलेले असता, फक्त बेल वाजवायची बाकी असते.

मग त्या बँडकडे जा. १९९६ मध्ये योकोहामाच्या कांतो गाकुइन युनिव्हर्सिटीतल्या पोरांनी सुरू केलेला बँड, "नारुतो" या अ‍ॅनिमेचं दुसरं ओपनिंग म्हणजे सुरुवातीचं गाणं त्यांचं, त्यामुळे ज्यांनी नारुतो बघितलाय त्यांना आवाज ओळखीचाच वाटेल. २००४ चा "सोल-फा" अल्बम ऐका, आणि तो आवडला की २००८ चा "सर्फ बुंगाकु कामाकुरा" ऐका, त्यातल्या गाण्यांच्या नावांत एनोडेन या समुद्राकाठच्या छोट्या रेल्वेच्या स्टेशनांची नावं आहेत, फुजिसावापासून कामाकुरापर्यंत. २०२३ मध्ये त्यांनी राहिलेली स्टेशनं घेऊन तो पूर्ण केला. मला हा अल्बम फार आवडतो, आपल्याकडे कुणी हार्बर लाइनवर असं काही केलं तर काय मजा येईल असं दरवेळी मनात येतं.

आता अजून एक पाऊल मागे. या बँडचा गायक गोतो ज्यांचं नाव कायम प्रेमाने घेतो तो बँड म्हणजे "नंबर गर्ल", फुकुओका शहरातला, १९९५ मध्ये सुरू झालेला. मुकाई शूतोकु ओरडल्यासारखा गातो, हिसाको ताबुचीची गिटार करवतीसारखी कापत जाते, आणि ड्रम्स एवढे पुढे की आधी वाटतं रेकॉर्डिंगच बिघडलंय. पहिल्या वेळी नाही आवडणार कदाचित. १९९९ चा "स्कूल गर्ल डिस्टॉर्शनल अ‍ॅडिक्ट" लावा आणि दोन आठवड्यांनी परत लावा. २००२ मध्ये हा बँड फुटला, २०१९ मध्ये परत एकत्र आला आणि २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा थांबला, पण त्यांच्यानंतर गिटार हातात घेतलेल्या कित्येक जपानी पोरांच्या वाजवण्यात त्यांचा अंश सापडतो. बघा, एका अ‍ॅनिमेवरून निघालो आणि दोन उड्यांत नव्वदीच्या दशकातल्या फुकुओकाला पोचलो. हीच पद्धत कुठल्याही गाण्याला लावायची.

पायरी २: शोधायची पद्धत शिकून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल पण इथेच सगळे अडतात. जपानी माणूस आडनाव आधी लिहितो, इंग्रजीत लिहिताना कधी उलटं करतात कधी नाही, त्यामुळे उतादा हिकारु आणि हिकारु उतादा हे एकच कलाकार, उतादा हे आडनाव, तसंच शीना रिंगो या गायिकेच्या नावात शीना हे आडनाव. इंग्रजी स्पेलिंग तर कधीच एकसारखं नसतं, "ओ" लांब असेल तर कुणी एक ओ लिहितं कुणी दोन लिहितं कुणी ओ-यू लिहितं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विकिपीडियावर त्या कलाकाराचं पान उघडायचं, पहिल्या ओळीतलं जपानी लिपीतलं नाव कॉपी करायचं आणि तेच यूट्यूबमध्ये टाकायचं. रिझल्ट एकदम वेगळे येतात, जुने टीव्ही कार्यक्रम, लाइव्ह, मुलाखती सगळं. मी फोनमध्ये एक नोट ठेवलीय, त्यात एका बाजूला देवनागरीत नाव आणि दुसऱ्या बाजूला जपानीत.

दुसरं, नावात जपान आहे म्हणून बँड जपानी असतोच असं नाही. जॅपनीज ब्रेकफास्ट हा अमेरिकन बँड आहे, २०२३ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात वाजवून गेला, तेव्हा माझ्या ओळखीतले दोघं जपानी बँड बघायला म्हणून तिकीट काढून गेले होते. (शो आवडला त्यांना, ती गोष्ट वेगळी.)

तिसरं, सगळं स्ट्रीमिंगवर मिळेल ही अपेक्षा सोडा. तात्सुरो यामाशिता हा सिटी पॉपचा, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या शहरी जपानी पॉपचा, सगळ्यात मोठा माणूस, पण त्याने स्वतःची गाणी स्ट्रीमिंगला द्यायला मुलाखतीत सरळ नकार दिलेला आहे, त्याच्या सीडी आणि रेकॉर्डच घ्याव्या लागतात. काही व्हिडिओ "तुमच्या देशात उपलब्ध नाही" असं दाखवतात. आणि ते रात्रीच्या शहराचं, निऑन दिव्यांचं अ‍ॅनिमे चित्र लावलेले दोन-दोन तासांचे मिक्स असतात ना, ज्यात एकाही कलाकाराचं नाव दिलेलं नसतं, ते टाळा, कारण नाव नाही म्हणजे पुढचा रस्ता बंद, शिवाय त्यात हल्ली मशीनने बनवलेलीही गाणी घुसतात.

पायरी ३: कान बसू द्या

जपानी पॉप गाण्याचे भाग पाडायची त्यांची स्वतःची पद्धत आहे, पहिला भाग ए-मेलो, मग बी-मेलो, मग साबी. साबी म्हणजे गाण्याचा तो भाग जिथे सगळं फुटून वर येतं, साधारण आपल्या मुखड्याचं काम करतो, फक्त आपला मुखडा सुरुवातीला येतो आणि यांची साबी वाट बघायला लावते. बी-मेलो मुद्दाम थोडा अधांतरी ठेवलेला असतो. अ‍ॅनिमेची ओपनिंग दीड मिनिटाची असतात त्यात हे सगळं कोंबलेलं असतं, म्हणून पूर्ण गाणं ऐकताना अनेकांना लांबलेलं वाटतं. पूर्णच ऐका, कारण दुसऱ्या साबीनंतर बऱ्याचदा एक नवीनच तुकडा येतो आणि खरा संगीतकार तिथे दिसतो.

आता ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांच्यासाठी. जपानी चालींमध्ये "योनानुकी" नावाची स्वरपद्धती आहे, जुन्या जपानी मोजणीत यो म्हणजे चार, ना म्हणजे सात, आणि नुकी म्हणजे वगळलेलं. चौथा आणि सातवा स्वर वगळला की उरतात सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप! क्यू साकामोतोचं १९६१ चं "उए ओ मुइते आरुको" लावून पेटीवर धरून बघा, मुख्य चाल बऱ्यापैकी त्याच पाच सुरांत फिरते, आणि हे गाणं १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं होतं, जपानीतच. आणि "साकुरा साकुरा" ही जुनी पारंपरिक चाल सा, कोमल रे, म, प, कोमल ध यावर बसते, म्हणजे आपल्या गुणक्रीचे स्वर. राग म्हणून वागणूक वेगळी आहे हे मान्य, पण पहिल्यांदा ऐकताना जे "ओळखीचं का वाटतंय" असं होतं त्याचं एक कारण हे आहे. म्हणूनच भावगीतं ऐकत वाढलेल्यांना ही गाणी लवकर जवळची वाटतात असा माझा अनुभव आहे.

अजून एक, कॉर्ड्सची एक चाल तिथे इतकी वापरतात की तिला "ओदो शिंको" म्हणजे राजमार्ग असं नावच पडलंय, चौथा, पाचवा, तिसरा, सहावा. गिटार शिकत असाल तर ही चार वाजवा, एकदम जपानी वास येतो.

पायरी ४: एक मोठा माणूस धरून मागचं पन्नास वर्षांचं ऐका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. माणूस हारुओमी होसोनो.

१९७० च्या आसपास जपानमध्ये खरोखर वाद चालू होता की रॉक जपानी भाषेत गाता येतं का, अनेक जणांना वाटायचं इंग्रजीतच गायला हवं. होसोनो तेव्हा "हाप्पी एंदो" नावाच्या बँडमध्ये बेस वाजवायचा, बँडमध्ये चौघं, होसोनो, एइइची ओताकी, शिगेरु सुझुकी आणि ड्रम्सवर ताकाशी मात्सुमोतो. १९७१ चा त्यांचा "काझेमाची रोमान" हा अल्बम ऐका, वाद तिथे मिटला असं म्हणायला हरकत नाही. शांत, थोडा धुळकट आवाज, आणि ऑलिम्पिकच्या नादात पाडलं गेलेलं जुनं तोक्यो आठवणारे शब्द. ज्यांनी गिरगाव किंवा लालबागची चाळ जाऊन टॉवर आलेला बघितलाय त्यांना अर्थ समजून घेतल्यावर हा अल्बम फार लागेल.

बँड लवकरच संपला पण चौघांचे चार रस्ते बघा. ड्रमर मात्सुमोतो गीतकार झाला, पूर्णवेळ, आणि दोन हजारांहून जास्त गाण्यांना शब्द दिले. ऐंशीच्या दशकातली सगळ्यात मोठी आयडॉल सेइको मात्सुदा, तिची एकामागून एक हिट गाणी त्याच्या शब्दांची, आणि चाली द्यायला त्याने बोलावलं कोणाला तर आपल्याच जुन्या मित्रांना, होसोनोने सुद्धा तिच्यासाठी चाली केल्या. म्हणजे टीव्हीवर फ्रिलचा ड्रेस घालून गाणाऱ्या मुलीच्या मागे दहा वर्षांपूर्वीचा तो रॉक बँड उभा होता, साकुशी-साक्क्योकु वाचलं नाही तर हे कधीच कळणार नाही. ओताकीने १९८१ मध्ये "अ लाँग व्हेकेशन" केला, त्यातले जवळजवळ सगळे शब्द परत मात्सुमोतोचेच.

आणि होसोनो? १९७८ मध्ये तो चित्रकार तादानोरी योकोओ बरोबर भारतात फिरून गेला, आणि परत जाऊन "कोचिन मून" नावाचा सिंथेसायझरवरचा विचित्र सुंदर अल्बम काढला, न बनलेल्या हिंदी सिनेमाचं संगीत असावं तसा. त्याच वर्षी रियुइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांना घेऊन "यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा" सुरू केला. १९७९ चा "सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर" ऐका, आजही जुना वाटत नाही, त्यातल्या एका गाण्याची आवृत्ती पुढे एरिक क्लॅप्टनने केली आणि मायकल जॅक्सननेही. साकामोतोला पुढे "द लास्ट एम्परर" च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं. साकामोतो आणि ताकाहाशी दोघंही २०२३ मध्ये गेले, दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने. तो वसंत मला अजून आठवतो, रोज रात्री एकेक जुना अल्बम काढून ऐकत होते.

सिटी पॉप आता याच धाग्यावरून ऐका, वेगळी शैली म्हणून पाठ करायला जाऊ नका. ओताकीनेच निर्मिती केलेला १९७५ चा "साँग्स" हा "शुगर बेब" चा एकुलता एक अल्बम, त्या बँडमध्ये होता तात्सुरो यामाशिता आणि ताएको ओनुकी. ओनुकीचा १९७७ चा "सनशॉवर" घ्या, यामाशिताचा १९८२ चा "फॉर यू" मिळाला तर घ्या. यामाशिताची बायको मारिया ताकेउची, तिच्या १९८४ च्या "व्हरायटी" अल्बममध्ये ते "प्लास्टिक लव्ह" आहे जे २०१७ नंतर यूट्यूबने जगभर लोकांच्या समोर आणून टाकलं, शब्द तिचे, चाल तिची, संयोजन नवऱ्याचं. मिकी मात्सुबाराचं १९७९ चं "मायोनाका नो दोआ" २०२० च्या शेवटी असंच अचानक जगभर वाजलं, तेव्हा ती हयात नव्हती, २००४ मध्येच गेली होती. त्या गाण्याचा संगीतकार तेत्सुजी हायाशी, त्याचं नाव नोटमध्ये लिहून ठेवा, अजून बऱ्याच ठिकाणी भेटेल.

पायरी ५: बँड, जरा भराभर

नव्वदीच्या शेवटी एकदम चांगलं पीक आलं. आओमोरीचा "सुपरकार", १९९८ चा "थ्री आउट चेंज" गिटारच्या धुक्यातला आणि २००२ चा "हायव्हिजन" जवळजवळ इलेक्ट्रॉनिक, हा बदल कसा झाला ते मधले अल्बम ऐकून बघण्यात खरी मजा. क्योतोचा "कुरुरी", प्रत्येक अल्बमला वेगळं काहीतरी करणारा. फुकुओकात वाढलेली शीना रिंगो, १९९९ चा "मुझाई मोरातोरियम" पासून सुरू करा, तिच्या "मारुनोउची सादिस्तिक" या गाण्यावरून कॉर्ड्सच्या एका चालीला जपानमध्ये नाव पडलंय, आणि आजच्या अर्ध्या हिट गाण्यांत ती चाल ऐकू येते. शब्दच नकोत असं वाटलं तर "तो" नावाचा बँड, त्याचा ड्रमर ऐकण्यासारखा आहे. आत्ताच्यांपैकी "हित्सुजिबुंगाकु", आणि क्योतोचा "त्रिको", ताल मोजायला बसलात तर डोकं फिरेल इतके तोडलेले ताल.

आणि "किकागाकु मोयो" नक्की ऐका, २०१२ ते २०२२ एवढाच चालला हा बँड, त्यात रियू कुरोसावा सतार वाजवायचा आणि ती भारतात येऊन मणिलाल नागांकडे शिकलेला. शोभेला आणलेली सतार आणि शिकून वाजवलेली सतार यातला फरक दोन मिनिटांत कळतो.

पायरी ६: इलेक्ट्रॉनिक, व्होकलॉइड आणि आत्ताचं पॉप

आधी एक गोष्ट जी मला कळली तेव्हा मी थक्क झाले. आपल्याकडे बेंजो पार्टीत जो बेंजो वाजतो, बटणं दाबून तारा छेडायचा तो, तो मूळचा जपानी "ताइशोगोतो", १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिताने बनवलेला, तो इकडे आला आणि बुलबुलतरंग झाला. आणि त्याच पार्टीतला ऑक्टोपॅड रोलँड कंपनीचा, तीही जपानी. त्यामुळे जपानी वाद्यांचा आवाज आपल्या मिरवणुकांत कधीपासूनच आहे, तो आपल्याला परका नाहीच.

यलो मॅजिक ऑर्केस्ट्रापासून पुढे आलात की यासुताका नाकाता हे नाव धरा. हिरोशिमाच्या तीन मुलींचा ग्रुप "परफ्यूम", त्यांचं २००७ चं "पोलिरिदम" आणि २००८ चा "गेम" अल्बम, शब्द, चाल, संयोजन सगळं त्याचं. क्यारी पाम्यु पाम्यु या गायिकेचं २०११ चं "पोनपोनपोन" पण त्याचंच. सापोरोचा "साकानाक्शन" बँड आणि डान्स संगीत एकत्र करतो, दोन्हीकडच्या लोकांना आवडतो.

मग २००७ च्या ऑगस्टमध्ये सापोरोच्या क्रिप्टन कंपनीने "हात्सुने मिकु" हे सॉफ्टवेअर काढलं, यामाहाच्या "व्होकलॉइड" या तंत्रावर चालणारं, म्हणजे सूर आणि शब्द टाइप करा आणि ती गाते. अनेकांना हा मशीनचा आवाज आवडत नाही आणि ते इथून पळतात, पण हा भाग वगळला तर आजचं जपानी पॉप समजत नाही. घरात बसलेल्या, गायक न मिळालेल्या पोरापोरींना एकदम गायिका मिळाली, त्यांनी निको निको दोगा या साइटवर गाणी टाकली, आणि माणूस गाणार नाहीच म्हटल्यावर श्वास घ्यायला जागा ठेवायची गरज उरली नाही, म्हणून चाली भयंकर वेगवान आणि उड्या मारणाऱ्या झाल्या. तेव्हा "हाची" नावाने गाणी टाकणारा मुलगा म्हणजे आजचा प्रसिद्ध गायक केन्शी योनेझु. "योआसोबी" या जोडीतला संगीतकार आयासे तिथूनच आला, म्हणून त्यांच्या गाण्यात गायिका इकुराला एका दमात एवढं गावं लागतं, आणि त्यांची गाणी लघुकथांवर बेतलेली असतात, आधी कथा मग गाणं. अनुवाद मिळाला तर कथा वाचून परत ऐका.

फुजी काझे वेगळ्या रस्त्याने आला, ओकायामातल्या छोट्या गावातून, लहानपणापासून यूट्यूबवर पियानोवर गाणी वाजवून टाकायचा. २०२० च्या त्याच्या पहिल्या अल्बमचं नाव सत्य साईबाबांच्या वचनावरून आहे, आणि २०२२ च्या "ग्रेस" चा व्हिडिओ भारतात शूट झालाय. नवीन माणसाला एकच आत्ताचा कलाकार सुचव म्हटलं तर मी त्यालाच सुचवते.

या सगळ्याने दमलात की हिरोशी योशिमुरा लावा, १९८२ चा "म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स" किंवा १९८६ चा "ग्रीन". याला कांक्यो ओंगाकु म्हणतात, म्हणजे परिसराचं संगीत, खोलीत खिडकी उघडल्यासारखं. आणि नुजाबेस, तोक्योच्या शिबुया भागात रेकॉर्डचं दुकान चालवणारा, "सामुराई चाम्पलू" मालिकेच्या संगीतातला, २०१० मध्ये गेला, त्याचा २००५ चा "मोडल सोल" पावसाळ्यात संध्याकाळी लावून बघा.

पायरी ७: भाषा येत नाही? थोडीशी येतेच

अर्थ कळेपर्यंत थांबू नका, पण मराठी माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे वाक्यरचना, जपानीतही क्रियापद शेवटी येतं आणि शब्दयोगी अव्ययं नावाच्या मागे लागतात, अगदी आपल्या "घरात", "गावाला" सारखी, म्हणून पुण्यात जपानी शिकणारी मुलं इंग्रजीतून भाषांतर करायच्या ऐवजी मराठीतून करतात तेव्हा सोपं जातं असं सांगतात. दुसरं म्हणजे जोडशब्द. छाती धडधडते तसं त्यांचं दोकिदोकि, चांदण्या लखलखतात तसं किराकिरा, पाऊस धो धो पडतो तसं झाझा. गाण्यात असे शब्द भरपूर असतात, दहा-वीस शिकून घेतलेत तर अचानक गाण्यांचे तुकडे कळायला लागतात आणि तो आनंद मोठा असतो.

जपानी अक्षरं एकेक मात्रेची असतात, प्रत्येकीला एक सूर देत चालायची पद्धत. उतादा हिकारुने १९९८ च्या डिसेंबरात, वयाच्या पंधराव्या वर्षी, "ऑटोमॅटिक" मध्ये शब्द मधेच तोडून तालावर बसवले तेव्हा लोक चकित झाले ते याच कारणाने. पुढच्या मार्चमध्ये आलेला "फर्स्ट लव्ह" जपानमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम आहे.

पायरी ८: लाइव्ह बघा, जमलं तर सीडी घ्या

घरबसल्या "द फर्स्ट टेक" हे यूट्यूब चॅनल आहे, २०१९ पासून, पांढरी खोली, एक माइक, एकाच टेकमध्ये गायचं. ज्या गायकाचं रेकॉर्डिंग तुम्हाला फार चकचकीत वाटलं त्याला इथे ऐका, मत बदलतं बऱ्याचदा.

जपानला कामानिमित्त किंवा शिकायला जाणार असाल तर मोठ्या शोच्या तिकिटांचा नाद जरा बाजूला ठेवा, ती बरीचशी लॉटरीने मिळतात आणि अनेकदा जपानी फोन नंबर लागतो. त्यापेक्षा लाइव्ह हाऊसला जा, तळघरातल्या छोट्या जागा असतात, तोक्योच्या शिमोकिताझावा भागात "शेल्टर" आहे १९९१ पासून, "बोची द रॉक" मधली जागा तिच्यावरूनच काढलीय. तिकिटावर ड्रिंकचे साधारण सहाशे येन वेगळे घेतात, दारातच, सुट्टे ठेवा. एका संध्याकाळी तीन-चार बँड असतात आणि बऱ्याच ठिकाणी ठरावीक तिकिटं खपवायची जबाबदारी बँडवरच असते, त्याला नोरुमा म्हणतात, म्हणून दारात विचारतात की कोणाला बघायला आलात. ज्या बँडसाठी गेलात त्याचं नाव नीट सांगा, त्या एका उत्तराचा हिशोब त्यांच्या खिशाशी असतो. सीडी जुन्या घ्या, डिस्क युनियन किंवा बुकऑफ या दुकानांमध्ये, बाजूची कागदी पट्टी म्हणजे ओबी असेल तर टाकून देऊ नका. आतल्या पुस्तिकेत ती तीन नावं असतात, शिवाय कुठल्या गाण्यात बेस कोणी वाजवला, ट्रम्पेट कोणी वाजवला सगळं, आणि त्यातून पुढचे सहा महिने निघतात.

पायरी ९: फिशमान्स, पण सगळ्यात शेवटी

हा बँड मी मुद्दाम मागे ठेवलाय, कारण फार लवकर ऐकला तर "हे काय, एकच चाल चालू आहे" म्हणून लोक बंद करतात, आणि मग परत जात नाहीत, मला त्याचं वाईट वाटतं. १९९६ चा "लाँग सीझन" म्हणजे पस्तीस मिनिटांचं एकच गाणं. शिनजी सातोचा आवाज बारीक, मुलासारखा, बेस खाली संथ फिरत राहतो, मध्ये ड्रम्स आणि पाण्यासारखे आवाज येतात आणि परत तीच चाल येते, पण तोपर्यंत तुम्ही बदललेले असता. आधी हे ऐका, दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी.

मग २८ डिसेंबर १९९८ चं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, अल्बमचं नावच ती तारीख आणि पुढे "ओतोकोताची नो वाकारे", म्हणजे पुरुषांचा निरोप. बेस वाजवणारा युझुरु काशिवाबारा बँड सोडणार होता, त्याच्या निरोपाचा तो कार्यक्रम होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ मार्च १९९९ ला सातो गेला, तेहतीस वर्षांचा. कार्यक्रमाच्या शेवटी ते "लाँग सीझन" वाजवतात, चाळीसहून जास्त मिनिटं. कुणालाच काही माहीत नसतं. रात्री ऐका, बरे इअरफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि संपल्यावर लगेच दुसरं गाणं लावू नका.